एअरपोर्टच्या बंबाचं डायकास्ट (धातूचं छोटं मॉडेल) घ्यायचंय, कोणतं घेऊ?

भुसावळचा_भाचा
राम राम मंडळी. माझ्याकडे लहानपणापासूनचे बंबच बंब आहेत, बाकी गाड्या पुतण्यांना वाटून टाकल्या पण बंब दिसला की हात जातोच. आता डोक्यात आलंय की जळगाव विमानतळाचा छोटासा देखावा करायचा, १:२०० चं, म्हणजे खऱ्याच्या २०० पट लहान, एटीआर ७२ विमान आणून ठेवलंय, शेजारी उभा करायला एअरपोर्टवाला बंब पाहिजे. सिकू कंपनीचा रोझेनबावर पँथर, म्हणजे एअरपोर्टच्या बंबाचं मॉडेल, बघितलाय, १:५० मधला, पण किंमत घरात अजून कोणाला सांगितली नाही 😅 आणि व्हिडिओत काही बंब लाल दिसतात काही पोपटी, खरा कलर कोणता धरायचा? मनपाच्या बंबापेक्षा एवढे वेगळे का असतात हे पण कोणी सांगा.

रनवे_नाना
ह्या देखाव्यासाठी तरी तो घेऊ नको भो. हिशोब कर, पँथर ६ बाय ६ (सहा चाकी) खऱ्यात साधारण १२ मीटर, म्हणजे १:५० मध्ये २४ सेंटिमीटर. तुझं एटीआर २७.१७ मीटर, ते १:२०० मध्ये भरलं साडेतेरा. विमानापेक्षा बंब मोठा, बघणारा हसेल. उलट हॉट व्हील्स, मॅचबॉक्सवाले कार असो की ट्रक, सगळं त्याच छोट्या पाकिटात बसवतात, त्यामुळे मोठी गाडी जास्त आखडते. बारा मीटरचा बंब साडेसात सेंटिमीटरचा केला की स्केल जातं १:१६० वर, हे २०० च्या बरंच जवळ आहे. म्हणजे स्वस्तातलाच इथं जास्त शोभतो. हॉट व्हील्सची फ्लेम स्टॉपर जुनी मिळाली तर बघ, हुबेहूब कुठल्या खऱ्या गाडीची नाही पण घाट एअरपोर्टच्या बंबाचाच.

कलर दोन्ही बरोबर. आयकाओचं (विमान वाहतुकीची आंतरराष्ट्रीय संस्था) म्हणणं एकच ठळक रंग असावा, शक्यतो लाल नाहीतर पिवळसर हिरवा.

वेगळेपणाचं म्हणशील तर मनपाचा बंब जागेवर थांबतो, मग पाइप ओढायचे. इकडे गाडी पळता पळताच फवारा सुरू, टपावर आणि बंपरवर मॉनिटर म्हणजे ती पाण्याची तोफ असते, ती ड्रायव्हरच्या केबिनमधूनच फिरवतात. रनवेच्या टोकाला जास्तीत जास्त ३ मिनिटांत पोचायचं, जमलं तर २, म्हणून एवढं धूड असून ४० सेकंदांत ८० चा स्पीड पकडावा लागतो. आणि विमानाचं इंधन नुसत्या पाण्याने आटोक्यात येत नाही, फोम लागतो, तो सोबतच असतो.

धुळेकर_४२४००१
नानांनी बरोबर सांगितलं, फक्त एक राहिलं. किती बंब उभे करायचे हे विमानाच्या लांबीवर आणि पोटाच्या रुंदीवर ठरतं. २४ ते २८ मीटरची विमानं कॅटेगरी ५ मध्ये, तिथं कमीत कमी १ गाडी आणि फोमसाठी ५,४०० लिटर पाणी. तुझं एटीआर यातच बसतं. ए३२० आलं की कॅटेगरी ६, २ गाड्या आणि ७,९०० लिटर. ए३८० ला थेट १०, तिथं ३ गाड्या, ३२,३०० लिटर. सहा चाकी पँथर एकटाच १२ हजारच्या आसपास नेतो, म्हणजे एटीआरपुढे जरा अतीच होईल. चार चाकी दिसली तर ती घे, एकच पुरे. दोन ठेवल्या तर माझ्यासारखा कोणीतरी चूक काढेलच 😁

चोपड्याची_चाकं
भो तुनं कलेक्शन भारी शे, फोटो टाक ना. किंमतीचं म्हणाल तर बाहेरची खेळणी महागच पडणार, कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के केली आणि २०२३ मध्ये ७०, वरून २०२१ पासून बीआयएस मार्क (सरकारी दर्जाचा शिक्का) सक्तीचा. म्हणून देशात मिळतंय ते आधी बघा. आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर जातं तर देखावा खिडकीत ठेवू नका, मऊ रबरी टायर असले की खालच्या ॲक्रिलिकला चिकटून डाग पडतात, मग टायर पण जातो आणि शीट पण. खाली कागद घाला.

भुसावळचा_भाचा
साडेतेरा सेंटिमीटरचं गणित डोक्यातच आलं नव्हतं, पैसे वाचले. नाना, जळगावात गोलाणी मार्केटला जुन्या गाड्या ठेवणारं कोणी माहितीये का? ऑनलाइन फ्लेम स्टॉपरचे फोटो बघून राहिलोय पण सगळ्यांच्या टपावरची तोफ तुटलेलीच.