साठीपुढच्यांची पकड ठीक येते, चाल आणि उठबस मात्र जवळजवळ सगळ्यांचीच कमी. मोजणीत काय चुकतंय?

पीएसएम_निवासी, कोल्हापूर

करवीर आणि कागल तालुक्यांतल्या गावांमध्ये ६० वर्षांपुढच्या लोकांत सार्कोपेनियाचं, म्हणजे वयाबरोबर स्नायू आणि त्यांची ताकद घटण्याचं प्रमाण काढायचं आहे. प्रबंधाचा विषय आहे, एथिक्स कमिटीची मंजुरी मिळालेली आहे. निकष सार्कोपेनियावरच्या आशियाई तज्ज्ञगटाचे, २०१९ चे घेतले आहेत: पकड पुरुषांत २८ किलोपेक्षा कमी, स्त्रियांत १८ पेक्षा कमी, चालण्याचा वेग सेकंदाला १ मीटरपेक्षा कमी, खुर्चीवरून पाच वेळा उठबस करायला १२ सेकंद किंवा जास्त.

पायलटमध्ये, म्हणजे मुख्य अभ्यासाआधीच्या छोट्या चाचणीत, पकड बहुतेकांची चांगली आली, पण वेग आणि उठबस या दोन्हींत जवळजवळ सगळेच नापास. रोज शेतात जाणारी, वैरणीचा भारा आणणारी माणसंसुद्धा. पद्धत अशी: देवळाच्या मंडपात ४ मीटर आखलेले, रेषेवर उभं करून "चला" म्हणायचं आणि वेळ लावायची. उठबशीला ग्रामपंचायतीची प्लास्टिकची खुर्ची. पकडीसाठी स्प्रिंगचा स्मेडली डायनॅमोमीटर (मुठीची ताकद किलोत दाखवणारं उपकरण), बसवून, कोपर काटकोनात. लोक सकाळी दूध संस्थेत येतात तिथूनच बोलावले. सॅम्पल साइज अजून पक्की व्हायची आहे. जाणकारांनी सांगावं.

फिजिओ_गडहिंग्लज

डॉक्टर, आकडे खोटे नाहीत, पण तुम्ही दोन पद्धतींची सरमिसळ केली आहे. ४ मीटर अंतर आणि उभ्या जागेवरून सुरुवात ही एसपीपीबीची (वृद्धांचा तोल, चाल आणि उठबस तपासणाऱ्या चाचण्यांच्या संचाची) रीत. युरोपीय गटही ४ मीटरच सुचवतो आणि त्याची सीमा सेकंदाला ०.८ मीटर आहे. आशियाई गटाची १.० ची सीमा ६ मीटरसाठी आहे आणि तीही चालत्या सुरुवातीने. उभ्या माणसाला वेग पकडायला दीड-दोन पावलं लागतात. ती ४ मीटरमध्ये धरली की निरोगी माणसाचाही वेग खाली येतो, आणि वर सीमा मात्र कडक लावलेली.

सरळ १० मीटर जागा घ्या. पहिले २ मीटर वेग पकडायला, मधले ६ मोजायचे, शेवटचे २ थांबायला. शेवटचे २ लोक गाळतात आणि तिथेच फसतात, कारण समोर भिंत किंवा मोजणारा उभा दिसला की माणूस आधीच पाय आवरतो. घड्याळ पहिलं पाऊल पहिल्या खुणेपलीकडे पडलं की सुरू, शेवटच्या खुणेपलीकडे पडलं की बंद. मोजणाऱ्याने बरोबरीने पण अर्धं पाऊल मागून चालायचं. पुढे चाललात तर तो तुमचा वेग धरतो. दोनदा चालवा, सरासरी घ्या. ६ मीटरला ६.४ सेकंद लागले तर वेग ०.९४, म्हणजे कमी. सीमेजवळ अर्ध्या सेकंदाने माणूस इकडचा तिकडे होतो, म्हणून एवढी काटेकोरी.

सूचना "नेहमी बाजाराला जाता तसं चाला" एवढीच द्या. "जरा हळू, पडाल" असं घरच्यांपैकी कुणी मागून म्हणालं तर ती फेरी बाद करून पुन्हा घ्या. पायात काय हेही ठरवून टाका: जाड तळाची कोल्हापुरी गुळगुळीत फरशीवर घसरते, आणि मंडपातल्या थंड फरशीवर अनवाणी म्हातारं माणूस जपून चालतं. आम्ही रोजची चप्पल घालूनच चालवतो आणि फॉर्मवर नोंदवतो. देवळात चप्पल चालत नाही, त्यामुळे शाळेचा व्हरांडा बघा.

आता खुर्ची. ग्रामपंचायतीची प्लास्टिकची खुर्ची बाद करा. तिला हात असतात, लोक नकळत टेकतात. बैठक मागे कललेली आणि मधे खोल असते, वजनाने आणखी दबते, आणि तिथून उठणं जास्त जड जातं. बिनहाताची लाकडी किंवा लोखंडी खुर्ची, बैठक जमिनीपासून ४३ ते ४५ सेंटिमीटर, पाठ भिंतीला टेकवलेली. एकच खुर्ची सगळ्या गावांत गाडीतून न्यायची. हात छातीवर घडी. आधी एकदा करून दाखवायचं, मग त्यांच्याकडून एकदा हात न लावता उठवून घ्यायचं. तेवढं जमलं तरच पाचची चाचणी. एसपीपीबीत पाचव्यांदा पूर्ण उभं राहिल्यावर घड्याळ थांबतं. काही पद्धतींत पुन्हा बसल्यावर थांबवतात. एक धरा, प्रोटोकॉलमध्ये लिहा आणि प्रत्येक मोजणाऱ्याकडून घोटवून घ्या.

पद्धत सुधारली तरी उठबस कमीच येईल याची तयारी ठेवा. गुडघ्याची झीज आपल्याकडे भरपूर आहे. दुखण्यामुळे सावकाश उठणारा आणि ताकद नसल्यामुळे सावकाश उठणारा घड्याळात सारखाच दिसतो. म्हणून चाचणी झाल्याबरोबर "गुडघा किती दुखला" हे ० ते १० मध्ये विचारून लिहा. विश्लेषणात हा एक रकाना फार कामाला येतो.

पकडीबद्दल: स्मेडली वापरताय तर उभं राहून, कोपर सरळ, हात अंगापासून थोडा दूर. बसून, कोपर काटकोनात ही रीत जामारच्या हायड्रॉलिक उपकरणाची, आणि त्यात मूठ दुसऱ्या खाचेत ठेवतात. स्मेडलीची मूठ तर्जनीचं मधलं पेर काटकोनात येईल अशी फिरवून घ्या. अंगठी आणि हलणाऱ्या बांगड्या वर सरकवा. ३ ते ५ सेकंद आवळायचं, दोन प्रयत्नांत निदान अर्धा मिनिट विसावा, सर्वांत मोठा आकडा धरायचा. "आवळा, आवळा, आवळा... सोडा" हेच शब्द, याच आवाजात, प्रत्येकाला. श्वास रोखू देऊ नका. रक्तदाब १८०/११० च्या वर असेल, नुकतं मोतीबिंदूचं किंवा हाताचं ऑपरेशन झालं असेल, तर ही चाचणी त्या दिवशी नको. काटा प्रत्येक वेळी शून्यावर आणायचा राहतो, ही सर्वांत जास्त वेळा घडणारी चूक.

आकडेमोड_करवीर

वरच्या उत्तराला पूर्ण अनुमोदन. मी दूध संस्थेच्या मुद्द्यावर येतो, कारण माझ्या मते खरं मोठं भोक तिथे आहे. सकाळी किटली घेऊन संस्थेपर्यंत येणारा म्हातारा हा चालता-फिरता म्हातारा. जो अंथरुणाला आहे, जी आजी उंबरा ओलांडत नाही, ते तुमच्या आकडेवारीत येणारच नाहीत. आज चाचणीच्या चुकीमुळे प्रमाण जास्त दिसतंय. चाचणी सुधारलीत आणि माणसं तीच ठेवलीत, तर ते खऱ्यापेक्षा कमी दिसायला लागेल. मतदार यादीतून ६० पुढचे वेगळे काढा, रँडम नंबरने निवडा आणि त्यांच्या दारात जा. घर बंद असेल तर तीन वेळा, वेगवेगळ्या वेळी. शेजारच्या घरातलं माणूस बदली घ्यायचं नाही.

सॅम्पल साइज: आधीच्या अभ्यासांतून घ्यायचं अपेक्षित प्रमाण उदाहरणापुरतं २० टक्के आणि चूक ५ टक्के धरू. १.९६ चा वर्ग गुणिले ०.२ गुणिले ०.८ भागिले ०.०५ चा वर्ग = २४६. गावं हे क्लस्टर (एकगठ्ठा निवडलेले गट), एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात, म्हणून त्यासाठीची वाढ, डिझाइन इफेक्ट, १.५ धरला तर ३६९. दहा टक्के लोक नकार देतील असं धरून ०.९ ने भागा: ४१०. तीस क्लस्टर घेतले तर प्रत्येकी १४, म्हणजे ४२०. स्त्रिया आणि पुरुषांचं प्रमाण वेगवेगळं द्यायचं असेल तर हा आकडा पुरणार नाही, प्रत्येक गटासाठी वेगळा काढावा लागेल. गाइडना आत्ताच विचारून घ्या.

"करू शकले नाहीत" आणि "मोजलं नाही" हे दोन वेगळे कोड ठेवा. खुर्चीतून उठताच न आलेल्या माणसाचा रकाना रिकामा सोडला तर सॉफ्टवेअर त्याला गाळून टाकतं, आणि सर्वांत अशक्त माणूसच अभ्यासातून जातो. तो नापास म्हणून मोजला गेला पाहिजे. फॉर्मवर "कमी/ठीक" एवढंच लिहू नका, कच्चे सेकंद आणि किलो लिहा. निकष बदलत राहतात. कच्चा आकडा असेल तर नवीन सीमा लावता येते.

वयाची खातरजमा करा. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी दिसली की ती बहुधा अंदाजाने लिहिलेली असते. ओळखीच्या घटना विचारा: कोल्हापूर संस्थान विलीन झालं तेव्हा (मार्च १९४९), कोयनेचा भूकंप झाला तेव्हा (डिसेंबर १९६७), ७२ च्या दुष्काळात तुम्ही केवढे होता, शाळेत होता की लग्न झालं होतं. दोन घटना जुळल्या तर वर्षा-दोन वर्षांच्या आत वय बसतं.

मोजणारे दोन असतील तर सुरुवातीलाच २०-३० जणांना दोघांनीही स्वतंत्रपणे मोजावं आणि आयसीसी (दोघांचे आकडे किती जुळतात ते सांगणारा गुणांक) काढावा. अभ्यास संपल्यावर काढलेला आयसीसी फक्त प्रबंधात छापायला उपयोगी.

पीएसएम_निवासी, कोल्हापूर

सर, दोघांचेही आभार. फॉर्म बदलतो. आणखी एक: स्नायूंचं वस्तुमान डेक्साने (क्ष-किरणांच्या स्कॅनने) शक्य नाही, चारशे माणसं गावातून आणणार कशी. पायाखाली आणि हातात इलेक्ट्रोड असलेलं, अंगातून सौम्य वीज सोडून मोजणारं बीआयए मशिन विभागात आहे. ते गावात नेलेलं चालेल का? आणि पाठीत वाकलेल्यांची उंची कशी घ्यायची?

जेरिॲट्रिक_कट्टा

बीआयए चालेल, २०१९ च्या निकषांत त्याच्या सीमाही आहेत: हातापायांचे स्नायू भागिले उंचीचा वर्ग, पुरुषांत ७.० पेक्षा कमी, स्त्रियांत ५.७ पेक्षा कमी. डेक्सासाठी स्त्रियांची सीमा ५.४ आहे, ती इथे लावू नका. पण हे मशिन स्नायू थेट मोजत नाही. अंगातल्या पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतं आणि सूत्राने स्नायू सांगतं. उन्हातून घामाघूम आलेला, पोटभर जेवलेला, पायाला सूज असलेला, अशा तिघांचेही आकडे भरकटतात. सकाळी, उपाशीपोटी, लघवी करून, पाच-दहा मिनिटं शांत बसल्यावर घ्या. पेसमेकर असेल तर अजिबात नाही. शेतकऱ्यांच्या भेगाळलेल्या, जाड तळव्यांना इलेक्ट्रोड नीट लागत नाही. ओल्या फडक्याने तळवे आणि हात पुसून मग उभं करा. मशिन सपाट फरशीवर, सारवलेल्या जमिनीवर नको.

उंचीचा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार बरं झालं, कारण इथे निदानच उलटतं. समजा ७२ वर्षांच्या माणसाचे हातापायांचे स्नायू १६.२ किलो. वाकून उभा राहिल्यावर उंची भरली १५२ सेंटिमीटर: १६.२ भागिले २.३१, उत्तर ७.०१, म्हणजे "ठीक". त्याची मूळ उंची १५८ असेल तर १६.२ भागिले २.५०, उत्तर ६.४९, म्हणजे कमी. माणूस तोच, स्नायू तेवढेच.

म्हणून पाठीत बाक दिसला की गुडघ्याची उंची घ्या: गुडघा आणि घोटा दोन्ही काटकोनात, टाचेच्या तळापासून मांडीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, गुडघ्याच्या वाटीच्या थोडं मागे. पुरुषांसाठी उंची = ६४.१९ − (०.०४ × वय) + (२.०२ × गुडघ्याची उंची). स्त्रियांसाठी ८४.८८ − (०.२४ × वय) + (१.८३ × गुडघ्याची उंची). वरच्या माणसाची गुडघ्याची उंची ४८ असेल तर उत्तर १५८.३. हे सूत्र अमेरिकन वृद्धांवर बेतलेलं आहे, तेव्हा मोजलेली आणि काढलेली, दोन्ही उंची वेगळ्या रकान्यांत ठेवा आणि निकाल दोन्हींनी दाखवा.

पोटरीचा घेर नक्की घ्या, फुकटची चाचणी आहे. न ताणणारी टेप, सर्वांत जाड भागावर, दोन्ही पायांचा, मोठा आकडा. पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा कमी, स्त्रियांत ३३ पेक्षा कमी असेल तर संशय. आधी नडगीवर अंगठ्याने दाबून सूज बघा. सुजेची पोटरी स्नायू भरलेली असल्यासारखी दिसते. नऊवारीवरून टेप गुंडाळलेली चालत नाही, त्यामुळे टीममध्ये एक बाई हवीच.

आणि एक कळकळीने. कमी आलेल्या माणसाला फक्त आकडा सांगून परत येऊ नका. पीआयएसमध्ये (सहभागींना द्यायच्या माहितीपत्रकात) पुढची सोय लिहिलेली असू दे: कोणत्या ओपीडीला, कोणत्या वारी. स्नायू वाढवायला वय आड येत नाही. १९९० मध्ये बोस्टनच्या वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या लोकांकडून आठ आठवडे पायाचा वजनाचा व्यायाम करून घेतला होता. पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीतून उठबस आणि पायाला वजन बांधून उचलणं, सोबत वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं. ५० किलोच्या आजींना ५० ते ६० ग्रॅम. भाकरी आणि पातळ आमटीवर ते होत नाही, दूध, अंडी, डाळ, शेंगदाणे मोजून सांगावे लागतात. मूत्रपिंड बरंच खराब असेल तर हा आकडा लागू नाही, आधी क्रिएटिनिन बघा.

फिजिओ_गडहिंग्लज

एक राहिलं. सार्क-एफ ही सार्कोपेनियाच्या प्राथमिक चाळणीची प्रश्नावली वापरणार असाल तर तिच्यातला "दहा पाउंड उचलताना त्रास" हा प्रश्न शब्दशः विचारू नका. साडेचार किलो म्हणजे केवढं ते दाखवायला तेवढं धान्य भरलेली पिशवी सोबत ठेवा. "दहा पायऱ्या चढणं" हा प्रश्न कौलारू, एकमजली घरांच्या गावात अडतो, तिथे देवळाच्या किंवा शाळेच्या पायऱ्यांचं नाव घेऊन विचारा. ४ किंवा जास्त गुण म्हणजे संशय. पण या प्रश्नावलीतून बरेच जण सुटतात, त्यामुळे तिच्यात पास झाला म्हणून पुढच्या चाचण्या गाळू नका.

डायनॅमोमीटरही तपासून घ्या, पायलटच्या आधी आणि मग दर महिन्याला. उपकरण उलटं घट्ट टांगून मुठीच्या बरोबर मध्यावर पट्ट्याने १०, २०, ३० किलो लटकवायचे आणि काटा किती दाखवतो ते लिहायचं. जिममधल्या प्लेटवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, त्या आधी मार्केट यार्डातल्या एखाद्या अडत्याच्या शिक्का मारलेल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून घ्या. ३० किलोला काटा २८ दाखवत असेल, तर तुमच्या पुरुषांची सीमा तिथेच घसरलेली आहे.