मदत हवी आहे: कॅमेऱ्यावर कायम राहील अशी एकच लेन्स, ३५, ५० की ४० मायक्रो?

कवडसा:
कॅमेरा निकॉन डी५६००, त्यासोबत आलेली १८-५५ (एफ/३.५-५.६, एएफ-पी व्हीआर). फोटोग्राफी निव्वळ छंद म्हणून. फोटो तीन प्रकारचे: संध्याकाळी घरात दिव्याच्या उजेडात खेळणारी मुलं, फिरताना रस्त्यावरची माणसं, आणि जवळून फुलं-पानं. घरातले फोटो एकतर हलतात, नाहीतर दाणेदार येतात. आता एकच लेन्स घ्यायची आहे, पण अशी की ती कॅमेऱ्यावरून उतरवावीशी वाटू नये. समोर तीन पर्याय आहेत: ३५ मिमी एफ/१.८ जी डीएक्स, ५० मिमी एफ/१.८ जी आणि ४० मिमी एफ/२.८ मायक्रो (अगदी जवळून फोटो काढण्यासाठीची). परीक्षणं वाचली, तिन्ही शार्प आहेत असंच जो तो लिहितो. मग निवडायचं कशावरून?

तिपाई:
शार्पनेस पूर्ण बाजूला ठेवा. एफ/४ वर या तिन्हींचे फोटो शेजारी लावले तर कुठला कुठल्या लेन्सचा हे तुम्हाला ओळखता येणार नाही. खरा फरक पडतो तो तुम्ही समोरच्या माणसापासून किती लांब उभे राहता, याने. म्हणून आधी मोजपट्टी घ्या आणि खोली मोजा.

हिशेब सोपा आहे. अंतराला सेन्सरच्या रुंदीने गुणा, फोकल लेंथने (लेन्सवरचा ३५, ५० हा मिमीतला आकडा) भागा, की चौकटीत किती रुंदी मावते ते कळतं. तुमचा सेन्सर २३.५ मिमी रुंद. अडीच मीटरवरून ३५ मध्ये सुमारे १.७ मीटर मावतं, ५० मध्ये १.२ मीटरपेक्षा किंचित कमी. म्हणजे जमिनीवर शेजारी-शेजारी खेळणारी दोन मुलं ३५ मध्ये आरामात येतात. ५० मध्ये एक येतं आणि दुसऱ्याचा हात येतो. कॅमेरा उभा धरून माणूस डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचा तर वर-खाली मोकळी जागा धरून २ मीटर उंची लागते. त्यासाठी ३५ घेऊन ३ मीटर मागे जावं लागतं, ५० घेऊन सव्वाचार मीटर. शिवाय कॅमेरा आणि तुम्ही स्वतः मिळून अर्धा मीटर खाता, तोही मोजा.

‘५० मिमी म्हणजे डोळ्याला दिसतं तसं’ हे फिल्म आणि फुल फ्रेमच्या हिशेबाने आहे. क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान, तुमच्या कॅमेऱ्यात आहे तसा) १.५ ने गुणायचं, म्हणजे ५० चा कोन ७५ सारखा आणि ३५ चा ५२ सारखा. क्रॉप कॅमेऱ्यासाठी डोळे झाकून ५० सुचवली जाते, आणि मग ती घरात वापरायला जागाच पुरत नाही.

उघडझाप:
हलण्याचं आणि दाण्यांचं कारण एकच आहे, उजेड कमी. घरातला साधारण दिवा धरू: किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५) ३५ वर ठेवली की तिचं सर्वांत मोठं अपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, एफ/४.५ च्या आसपास; एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं. १/६० सेकंदाला आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील, तो आकडा) ६४०० लागतो असं समजा. पळणारं मूल गोठवायला निदान १/२५० हवा, म्हणजे दोन स्टॉप अजून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट), आयएसओ २५६००. तिथे दाणे येणारच. आता त्याच जागी एफ/१.८ लावा: एफ/४.५ पेक्षा पावणेतीन स्टॉपच्या जरा आत फायदा, आयएसओ ४००० वर काम होतं. ४० मायक्रोचं एफ/२.८ असल्याने तिथे १०००० च्या जवळ जावं लागेल. तुमच्या पहिल्या गरजेसाठी मायक्रो इथेच मागे पडते.

आणि व्हीआरवर विसंबू नका. तो तुमच्या हाताचं हलणं सावरतो, मुलाचं नाही.

पाटीपेन्सिल:
मोजपट्टीबरोबर आणखी एक काम करा. आजवरच्या फोटोंमध्ये फोकल लेंथ नोंदलेली असते. डिजिकॅम किंवा लाइटरूम अशा फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावर गाळणी लावून कुठल्या फोकल लेंथला किती फोटो आहेत ते मोजा. सगळे मोजू नका, फक्त तुम्ही ठेवलेले, कुणाला पाठवलेले, छापलेले मोजा. आवड त्यातच दिसते.

कवडसा:
मोजलं. ठेवलेले फोटो ६१२. १८ वर १७०, ५५ वर १८८, २८ ते ४० मध्ये १७६, उरलेले इकडे-तिकडे विखुरलेले. खोली साडेतीन बाय तीन मीटर. म्हणजे ५५ सगळ्यात जास्त, मग ५० घ्यावी का?

पाटीपेन्सिल:
थांबा, ५५ चा आकडा सरळ वाचू नका. १८ आणि ५५ ही झूमची टोकं आहेत. माणूस रिंग फिरवतो, पुढे फिरत नाही, तिथे थांबतो. त्या १८८ मध्ये ‘५५ हवं होतं’ असे किती आणि ‘१०० हवं होतं पण मिळालं नाही’ असे किती, हे आकड्यावरून कळत नाही. १८ चंही तेच. मधले २८ ते ४० मात्र तुम्ही आपणहून निवडलेत, रिंग मध्येच सोडली आहे. प्राइम (झूम नसलेली लेन्स) निवडताना हाच आकडा बोलतो.

५५ वाले १८८ पुन्हा उघडा आणि त्यातली फुलं वेगळी काढा. फुलांना ५५ लागतं कारण जवळ जायचं असतं, तो प्रश्न वेगळा आहे.

कवडसा:
काढली. १८८ पैकी १३१ फुलं-पानं.

तिपाई:
मग उत्तर मिळालं, ३५. खोली साडेतीन मीटर, तुमचा अर्धा मीटर वजा केला तर ३ मीटर उरतात. ३५ ला पूर्ण माणूस घ्यायला बरोबर तेवढेच लागतात. ५० त्या खोलीत अर्ध्या माणसाची लेन्स होईल.

तरी पैसे खर्च करण्याआधी एक प्रयोग. किट लेन्सची रिंग ३५ वर ठेवून कागदी चिकटपट्टीने बांधून टाका. पट्टी फिरत्या रिंगवर आणि न फिरणाऱ्या नळीवर, दोन्हीकडे चिकटली पाहिजे. फक्त समोरच्या फोकस रिंगला लागू देऊ नका. आठवडाभर तसंच वापरा. पहिले दोन दिवस हात रिंगकडे जाईल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच पाय योग्य जागी जातात का, ते बघा. जात असतील तर ती तुमची लेन्स. सतत मागे सरकून भिंतीला टेकत असाल तर तुम्हाला २४ च्या आसपासचं काही हवंय. मग पट्टी २४ वर लावा आणि आणखी एक आठवडा द्या.

कवडसा:
आणि फुलांचं काय? १३१ फोटो सोडून देणं जिवावर येतं.

उघडझाप:
सोडायचे नाहीत, किट लेन्स जपून ठेवायची. या एएफ-पी किटचं सर्वाधिक मॅग्निफिकेशन (वस्तूच्या तुलनेत सेन्सरवरची प्रतिमा किती मोठी) ०.३८, म्हणजे साधारण ६२ मिमी रुंदीचं फूल पूर्ण चौकट भरतं. ३५ चं फक्त ०.१६, तिच्यात चौकटीची रुंदी १४७ मिमीखाली येतच नाही. फुलांसाठी तुमच्याकडची जुनीच लेन्स नव्या ३५ पेक्षा दुपटीहून सरस आहे. दिवसा झाडाखाली एफ/८ लावता, तिथे मोठ्या अपर्चरचा उपयोगही नाही.

खरंच मुंगी, परागकण इथपर्यंत जायचं असेल तरच ४० मायक्रो. तीही पूर्ण १:१ वर (सेन्सरवरची प्रतिमा वस्तूएवढीच) वस्तूपासून १६.३ सेंटिमीटरवर फोकस होते, पण हे अंतर सेन्सरपासून मोजतात. लेन्सच्या तोंडापुढे साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास उरतं, लेन्सची सावली फुलावर पडते आणि कीटक उडून जातो.

पाटीपेन्सिल:
घेताना अक्षरं नीट वाचा. ‘डी’ खुणेच्या जुन्या ५० एफ/१.८ मध्ये फोकसची मोटर नाही आणि डी५६०० मध्येही नाही, त्यामुळे फोकस हाताने फिरवावा लागतो. शिवाय तिची अपर्चर रिंग २२ वर लॉक केली नाही तर कॅमेरा चूक दाखवून अडतो. तुम्हाला ‘एएफ-एस’ आणि ‘जी’ दोन्ही लिहिलेली हवी.

वापरलेली घेत असाल तर मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका मारून समोरून आत बघा. धुळीचे दोन-चार कण फोटोत दिसत नाहीत, त्यावरून घासाघीस नको. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत द्या. मग मागच्या कडेला असलेली छोटी पत्र्याची दांडी नखाने हळूच दाबा: अपर्चरची पाती उघडतील. सोडली की फटकन मिटली पाहिजेत. रेंगाळत मिटली, किंवा पात्यांवर तेलकट चमक दिसली, तर उजेडात फोटो कधी ठीक, कधी पांढरेफटक येतील.

शेवटी भिंतीवर वर्तमानपत्र सपाट लावा, कॅमेरा तिपाईवर समांतर ठेवा आणि एफ/१.८ व एफ/४ असे दोन फोटो काढा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर चालतं. एकच कोपरा वाहून गेला असेल तर कॅमेरा खरंच समांतर आहे ना ते बघून पुन्हा काढा. तरी तोच कोपरा गेला तर आतली काच सरकली आहे.

कवडसा:
चिकटपट्टीचा आठवडा झाला, ३५ पटली, नवीच घेतली. पण एफ/१.८ वर दीड मीटरवरून काढलेल्या चेहऱ्यात डोळ्यांऐवजी कान शार्प येतात. लेन्स खराब आहे का?

उघडझाप:
बहुधा नाही. दीड मीटरवर एफ/१.८ ला शार्प भाग एकूण १३ सेंटिमीटरचा, म्हणजे मागे-पुढे साधारण निम्मा-निम्मा. मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस करून मग चौकट बदलण्यासाठी कॅमेरा १५ अंश वळवलात, की फोकसचं प्रतल डोळ्यांच्या ५ सेंटिमीटर मागे जातं. कान तिथेच असतात. त्यापेक्षा एकच फोकस बिंदू निवडा आणि तो बटणाने सरकवून डोळ्यावर आणा. मूल हलत असेल तर एएफ-सी (फोकस सतत जुळवत राहणारी सेटिंग) लावा, आणि निदान सुरुवातीला एफ/२.५ वर राहा.

तरीही कानच शार्प येत असतील तर कॅमेरा तिपाईवर ठेवून त्याच वस्तूचे पाच फोटो व्ह्यूफाइंडरमधून आणि पाच लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या पडद्यावर बघून) काढा, दरवेळी आधी फोकस मुद्दाम बिघडवून. लाइव्ह व्ह्यूचे पाचही चोख आणि व्ह्यूफाइंडरचे पाचही मागे गेलेले असतील तर बॉडी आणि लेन्स यांचं जमत नाही. डी५६०० मध्ये एएफ फाइन ट्यून नाही, हा फरक कॅमेऱ्यातून भरून काढता येत नाही. परतीची मुदत संपायच्या आत लेन्स बदलून घ्या, नाहीतर बॉडी आणि लेन्स दोन्ही एकत्र सर्व्हिस सेंटरला द्या. नुसती लेन्स पाठवू नका, ती तिथल्या बॉडीवर तपासून ‘ठीक आहे’ म्हणून परत येईल.