शब्दचर्चा: सभासद नाही त्याची 'वर्गणी'?

खतावणी: एका अनुवादात अडलंय. सभासद नसलेल्या कामगाराकडून संघटनेला मिळणाऱ्या 'एजन्सी फी'ला 'बिगरसभासद वर्गणी' लिहिलं होतं. तपासणाऱ्यानं लाल रेघ मारली: सभासदच नाही तर वर्गणी कसली? पगारवाढीचा करार सगळ्यांना लागू होतो, म्हणून वाटाघाटींचा खर्च बाहेरच्यांनीही उचलायचा, असा तो प्रकार. 'सौदाशुल्क' चालेल?

पावतीपुस्तक: रेघ बरोबर आहे. पण 'सौदाशुल्क'ही सगळीकडे बसणार नाही. कॅनडातल्या १९४६ च्या रँड निवाड्यानुसार बिगरसभासदाकडूनही पूर्ण वर्गणीइतकी रक्कम कापतात. अमेरिकेत सरकारी नोकरांकडून राजकीय खर्च वगळून वाटाघाटी, करार, तक्रारी यांच्यापुरता हिस्सा घ्यायला १९७७ च्या अबूड निकालानं मुभा दिली. २०१८ च्या जॅनस निकालानं तीही गेली. पहिली 'वर्गणीतुल्य कपात', दुसरा 'वाटाघाट-हिस्सा'. लेख कुठल्या देशाबद्दल आहे?

अनुस्वार: 'वर्गणीतुल्य' पगारपत्रकाच्या रकान्यात मावेल का? आणि वर्गणी म्हणजे स्वेच्छा, हे कुणी ठरवलं? 'सक्तीची वर्गणी' आपण सर्रास म्हणतो. स्वखुशीचीच हवी तर 'देणगी' आहे. 'चंदा' फारसी 'चंद'वरून, म्हणजे थोडेसे, काही. त्यात सक्तीही नाही आणि खुशीही नाही.

हजेरीपट: 'कपात' टाळू नका, खरी गोम तिथेच आहे. चेक-ऑफ म्हणजे कामगाराची लेखी संमती, मालकाकडे यादी, पगारातून वजावट आणि महिन्याला संघटनेला एकरकमी भरणा. सोय मोठी, पण नाडी मालकाच्या हातात. तंटा पेटला की कपात थांबू शकते, नेमका पैसा लागतो तेव्हा. निवृत्त झालेला यादीत राहतो, नवा येतच नाही. दरमहा हजेरीपटाशी यादी पडताळली नाही तर वर्षअखेर ताळा जमत नाही. पावती फाडून वसुली करायची तर प्रतिनिधीला दर महिन्याला प्रत्येकासमोर उभं राहून गाऱ्हाणी ऐकावी लागत. कपात आली आणि ती फेरी बुडाली. सभासदाच्या बँक खात्यातून थेट वळती केली तर मालक बाजूला होतो. पण खात्यात शिल्लक नसली की व्यवहार परततो आणि पाठपुराव्याला पुन्हा माणूसच लागतो.

खतावणी: मग चेक-ऑफला 'वर्गणी-कपात'?

पावतीपुस्तक: हो. आणि 'लेव्ही'ला 'जादा वर्गणी', 'कर' नको. संपासारख्या कारणासाठी एकदाच उचलतात ती. ठेवायची मात्र वेगळ्या खात्यात. रोजच्या खर्चात मिसळली तर संप लांबल्यावर खजिनदार तोंड चुकवू लागतो. नेहमीची वर्गणी ठोक की टक्क्यानं, हेही अनुवादात दिसू द्या. जर्मनीतली आयजी मेटाल ही कामगार संघटना ढोबळ पगाराच्या १ टक्का घेते, म्हणजे पगार वाढला की वर्गणी आपसूक वाढते. ठोक रकमेला दर वेळी सभेचा ठराव लागतो, आणि निवडणूक तोंडावर असली की तो मांडायला कुणी उठत नाही.

शुद्धमती: लेव्ही, फंड, युनियन! 'निधी' कुठे हरवला?

हजेरीपट: हरवलेला नाही. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२६ च्या आपल्या ट्रेड युनियन कायद्यात कलम १५ सर्वसाधारण निधीचं होतं, १६ राजकीय निधीचं. दुसरा वेगळा ठेवावा लागे, आणि त्यात पैसे न देणाऱ्याचे सभासद म्हणून मिळणारे लाभ अडवता येत नसत. शिवाय कारखान्यात नुसता 'फंड' म्हणजे भविष्यनिर्वाह. 'फंड कापला' म्हटलं तर संपाचा की पीएफचा, यावरून वाद. तेवढ्यापुरते तुमच्याशी सहमत, नाइलाजानं.

अनुस्वार: गंमत 'संप' शब्दाचीच आहे. गुजरातीत संप म्हणजे एकोपा. आपल्याकडेही आधी एकी असणार, काम बंद नंतर आलं असावं.

शुद्धमती: संस्कृत 'संपद्'शी नातं असणार.

अनुस्वार: संपात संपदा? ओढूनताणून आहे.

पावतीपुस्तक: देश कुठला ते अजून कळलं नाही.

खतावणी: अनेक आहेत. पुढे स्वीडन येतो: बेकारी विमा निधीची वर्गणी वेगळी, संघटनेची वेगळी. २००७ मध्ये सरकारी बदलांमुळे पहिली महागली आणि गळती दोन्हीकडे लागली. दोन्हींना 'वर्गणी' लिहिलं तर वाक्याचा अर्थच लागत नाही.

पावतीपुस्तक: पहिलीला 'हप्ता' करा.

अनुस्वार: संघटना आणि हप्ता शेजारी शेजारी? वाचणारा भलताच अर्थ घेईल.