भूमिती खेळातून शिकवायची, पण सिद्धतेपर्यंत न्यायचं कसं?

खानापूर_गणित:
नमस्कार. खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या हायस्कूलला नववी-दहावीला गणित शिकवते. पोरं प्रमेयं पाठ करतात आणि आकृतीत एबीसीच्या जागी पीक्यूआर आलं की अडकतात. म्हणून काड्या, कागद, दोरी घेऊन खेळ घ्यायला लागले, वर्ग रंगतोय पण सिद्धता लिहा म्हटलं की गाडी परत तिथंच. वर्गात मुलं भरपूर, पिरियड चाळीस मिनिटांचा, पोर्शन मागं पडून चालत नाही, एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्डाला, सिद्धता लिहावीच लागते. खेळातून प्रमेयाकडं नेमकं कसं जाता तुम्ही? सामान स्वस्तातलंच सांगा.

निपाणी_मास्तर:
मॅडम, ज्यात पोरं वाद घालतील असाच खेळ निवडा. खराट्याच्या काड्या 2, 4, 6 अशा 12 सेंमीपर्यंत तोडायच्या आणि तीन फासे टाकायचे, जो आकडा पडेल त्याच्या दुप्पट सेंमीची काडी उचलायची. त्रिकोण झाला तर पहिल्या टीमला पॉइंट, नाही झाला तर दुसऱ्या. आता 2, 3, 5 पडू द्या, म्हणजे 4, 6, 10 सेंमीच्या काड्या, काडी जाड असते त्यामुळं टोकं टेकल्यासारखी दिसतात आणि अर्धा वर्ग झाला झाला म्हणून ओरडतो. तिथं तुम्ही निकाल द्यायचा नाही, कारण मागायचं. कुणीतरी म्हणतंच की दोन काड्या आडव्या पडल्यावरच दहा भरतात, वर उचलायला जागा कुठाय. तेच वाक्य फळ्यावर लिहा. हुशार पोरांना घरी मोजायला लावा, 216 पैकी 111 वेळा त्रिकोण होतो आणि 105 वेळा नाही, म्हणजे डाव जवळपास बरोबरीचा.

चिकोडी_९वी_ब:
खेळ घ्या पण मोजमाप म्हणजे सिद्धता नव्हे हे पोरांना स्पष्ट कळलंच पाहिजे, याबाबत मी फार आग्रही आहे. कागदी त्रिकोणाचे कोपरे फाडून बेंचवर जोडले की 180 दिसतं, पण कुणाचं 178 येतं कुणाचं 183, आणि कागद तरी किती त्रिकोणांचे फाडणार? म्हणून कोपरे बेंचवर जोडू नका. त्रिकोण वहीत गिरवून घ्या, मग खालचे दोन कोपरे फाडून वरच्या शिरोबिंदूच्या दोन बाजूंना चिकटवा, डावा डावीकडं, उजवा उजवीकडं. वर जी सरळ कड तयार होते ती पायाला समांतर दिसते. आता विचारा, ती समांतर रेषा आपणच आधी काढली असती तर? व्युत्क्रम कोन पोरं स्वतःच दाखवतात, पुस्तकातली रचना कुठनं आली ते विचारावं लागत नाही.

टिळकवाडी_बेळगाव:
मी शिक्षक नाही, आमचे बाबा गवंडी. पाया आखताना गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं अवजार, लहान पडतो म्हणून ते दोरीला 3, 4, 5 फुटांचे तीन भाग पडतील अशा गाठी मारून काटकोन काढतात. तुमच्या पोरांना कबड्डीचं ग्राउंडच आखायला द्या की ओ मॅडम. पुरुषांचं 13 बाय 10 मीटर, समोरासमोरच्या बाजू नीट मापून घेतल्या की दोन्ही कर्ण मोजायचे, साधारण 16.4 मीटर आले पाहिजेत. एक कर्ण जास्त भरला की ग्राउंड तिरकं झालंय. पोरं खेळूलालीत असं हेडमास्तरांना वाटंल, पण पायथागोरस तिथंच होतोय.

खानापूर_गणित:
कोपरे वर चिकटवायचं फारच आवडलं, सोमवारी घेते. आणि वर्तुळासाठी? अर्धवर्तुळातला कोन काटकोन, हे नुसतं सांगून पटत नाही त्यांना.

निपाणी_मास्तर:
पुठ्ठ्यावर दोन टाचण्या टोचा, मधे साधारण 8 सेंमी अंतर. जाड कागदाचा चौकोनी कोपरा दोघींच्या मधून सरकवत न्या, दोन्ही कडा टाचण्यांना टेकलेल्या हव्यात, आणि कोपरा जिथं जिथं येईल तिथं टिंब द्या. अर्धवर्तुळ उमटतं. मग टाचण्यांचा मध्य शोधून एका टिंबाला जोडायला सांगा, दोन समद्विभुज त्रिकोण दिसतात आणि पुस्तकातली सिद्धता तिथनंच निघते. वेळ उरला तर कोपरा 60 अंशाचा कापून परत सरकवा, या खेपेला अर्ध्यापेक्षा मोठा कंस येतो, तो का येतो ते त्यांनाच शोधू द्या.