कडकन वाजवण्याआधी चार प्रश्न तरी विचारा

कोथरूडची_लेक: काल इथे कुणीतरी कायरोप्रॅक्टरबद्दल, म्हणजे हाताने झटका देऊन मणके बसवणाऱ्याबद्दल, लिहिलं, "कायरोप्रॅक्टरने एकदा कडकन वाजवलं आणि दोन वर्षांची कंबरदुखी पळाली. ऑर्थोच्या नादी लागून एमआरआयवर पैसे उडवू नका." रात्रभर डोक्यातून गेलं नाही. माझ्या बाबांची (वय 68) पाठ एका क्लिनिकात पाच वेळा अशीच वाजवली. रात्री दुखण्याने झोपमोड, संध्याकाळी कणकण, वजन उतरलेलं. कुणी एका शब्दाने विचारलं नाही. शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी पाठीवर एकेक मणका बोटाने ठोकत नेला, एका जागी बाबा ओरडलेच. मणक्याचा टीबी निघाला. पोखरलेल्या मणक्यावर झटके देत होते हो! ब्रिटनमध्ये 1994 च्या कायद्यामुळे नोंदणी नसताना स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवणं गुन्हा आहे. आपल्याकडे त्यांची वेगळी परिषदच नाही. तक्रार कुठे करायची?

हडपसरवाला: ती पोस्ट माझी. बाबांचं ऐकून वाईट वाटलं, पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका. गेल्या पावसाळ्यात पाय बधिर झाला म्हणून मी त्याच माणसाकडे गेलो. त्याने टाचांवर चालायला लावलं, डावा पंजा उचलेना. लघवी अडते का, बसायच्या जागी बधिर वाटतं का, विचारलं. मी हो म्हणताच हात लावला नाही. चिठ्ठी लिहिली, न्यूरोसर्जनला स्वतः फोन केला. त्याच रात्री ऑपरेशन. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2005 च्या मार्गदर्शक सूचनांत पूर्ण शिक्षणाला किमान 4200 तास सांगितलेत. तसा शिकलेला माणूस आहे तो.

सदाशिवपेठी: चिठ्ठीचं कौतुक मला सांगू नका. चिठ्ठीमागे पाकीट असतं. पेशंट पाठवण्याच्या कमिशनला, म्हणजे 'कट'ला, मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांतच बंदी आहे. 2017 मध्ये राज्याने कट प्रॅक्टिसविरोधी मसुदा काढला, कायदा कुठाय? माझ्या बहिणीची आठ दिवसांपूर्वीची फिल्म डॉक्टरांनी उघडूनही पाहिली नाही, "आमच्याच सेंटरचा आणा."

औंधची_सून: अगदी! आमच्या सासूबाईंच्या गुडघ्यालाही हेच. एक्सरे तीनदा.

सदाशिवपेठी: मग लोक वाजवणाऱ्याकडे जाणार नाहीत तर काय करतील?

फिजिओ_सिंहगडरोड: कट घेणाऱ्यांवर चिडा, मीही चिडते. पण त्याने मणका वाजवणं सुरक्षित होत नाही. मानेला झटका दिल्यावर रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. आणि साडेचार वर्षं शिकून कौन्सिलची नोंदणी करणाऱ्या आम्हा फिजिओथेरपिस्टना लोक "शेक देणारी बाई" म्हणतात, हे कुणाला दिसतं का?

सदाशिवपेठी: तुमचं दुखणं वेगळं, ताई. धागा पळवू नका.

फिजिओ_सिंहगडरोड: पळवला कुणी, वर जाऊन वाचा!

कोथरूडची_लेक: भांडू नका. हडपसरवाले, एकच विचारते. ऑपरेशनआधी एमआरआय झाला ना तुमचा?

हडपसरवाला: झाला. रात्री नऊला.

कोथरूडची_लेक: मग ज्याने तुम्हाला वाचवलं, त्याने पाठवलं तिथे झालेली गोष्टच टाळायला तुम्ही लोकांना सांगताय. त्याने हात लावण्याआधी तुम्हाला विचारलं, तसं बाबांना त्यांच्या त्रासाबद्दल कुणी विचारलं असतं, तर मी इथे लिहीत बसले नसते.

हडपसरवाला: पोस्टमधलं एमआरआयचं वाक्य काढतो, टाचांवर चालायचं घालतो. कंबर बरी झाली ते मात्र काढणार नाही. झाली ती झाली.