रिआल्म: लिस्टमधल्या एकाच ऑब्जेक्टवर दोन अटी कशा लावायच्या?

नमस्कार मंडळी,

आयफोनसाठी स्विफ्टमध्ये कामांच्या नोंदींचं ॲप करतोय. डेटाबेस रिआल्म, सगळा डेटा फोनवरच. (सिंक, म्हणजे सर्व्हरशी डेटा जुळवणं, वापरत नाही, त्यामुळे 2024 मधल्या डेप्रिकेशनची, म्हणजे ती सोय बंद करण्याच्या घोषणेची, चर्चा इथे नको, प्लीज.)

'प्रकल्प' क्लासमध्ये 'कामे' नावाची लिस्ट आहे. प्रत्येक कामाला 'पूर्ण' हा बूलियन (खरं/खोटं) आणि 'प्राधान्य' हा आकडा. मला असे प्रकल्प हवेत, ज्यांत निदान एक काम अपूर्ण आहे आणि त्याच कामाचं प्राधान्य 3 च्या वर आहे. फिल्टर असा:

एनी कामे.पूर्ण == फॉल्स अँड एनी कामे.प्राधान्य > 3

एरर नाही, क्रॅश नाही, पण नको ते प्रकल्प येतात. उदा. एका प्रकल्पात दोनच कामं: एक अपूर्ण, प्राधान्य 1, दुसरं पूर्ण, प्राधान्य 5. हा यायलाच नको, तरी येतो. फॉर लूप फिरवून तपासलं की उत्तर बरोबर मिळतं, पण मग हातात साधा ॲरे उरतो. डेटा बदलला की यादी आपोआप ताजी व्हायची, ती सोय गेली. रिआल्म घेतलं ते त्यासाठीच ना!

जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद:
'एनी' म्हणजे 'निदान एक', आणि दोन 'एनी' म्हणजे दोन सुट्या अटी. पहिली एका कामाने भागवली, दुसरी दुसऱ्याने; डेटाबेसच्या लेखी प्रकल्प पास. दोन्ही अटी एकाच कामावर हव्यात तर सबक्वेरी (क्वेरीच्या आतली क्वेरी, जी एकेक काम तपासते) लागते:

सबक्वेरी(कामे, $क, $क.पूर्ण == फॉल्स अँड $क.प्राधान्य > 3).@काउंट > 0

यातून रिझल्ट्सच (रिआल्मची आपोआप ताजी होणारी यादी) मिळतात, त्यामुळे डेटा बदलल्याचं नोटिफिकेशन चालू राहतं. मात्र फिल्टर प्रकल्पांवर लागतो, आतल्या लिस्टवर नाही. प्रकल्प उघडलात की पूर्ण झालेली कामंही दिसणारच. तिथे 'कामे'वर वेगळा फिल्टर लावा.

मूळ धागाकर्ता:
चाललं, धन्यवाद! त्या स्क्रीनवर खरं तर कामंच दाखवायची आहेत, शेजारी प्रकल्पाचं नाव. मग?

प्रतिसाद:
मग सबक्वेरी सोडा, थेट कामांवर क्वेरी करा. दोन्ही अटी साध्या 'अँड'ने जोडल्या की झालं. प्रकल्पाच्या नावासाठी काम क्लासमध्ये लिंकिंग-ऑब्जेक्ट्स प्रॉपर्टी (कामाकडून त्याच्या प्रकल्पाकडे जाणारा उलटा दुवा) घाला आणि तिला 'कामे' हे लिस्टचं नाव द्या. ती रिआल्म स्वतः सांभाळतं, तुम्ही तिच्यात काही लिहायचं नाही. एक काम अनेक प्रकल्पांत असू शकतं असं धरून ती संग्रहच परत देते, म्हणून नाव घेताना पहिला घटक काढा, आणि तो नसेल तर काय दाखवायचं तेही ठरवून ठेवा.