देगूहून एका दिवसात कोरियन खेडं बघायचंय, कुठे जावं? (१२ जण, ४ शाकाहारी)

लेझीमवाली: नमस्कार मंडळी. सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी आमचं लेझीम पथक ऑक्टोबरमध्ये दक्षिण कोरियात देगूला चाललंय. एक बुधवार मोकळा आहे. माणशी ३० हजार वॉन, जेवणासकट. शहर नको, शेतं-घरं बघायचीत. दोघींचे गुडघे दुखतात, एक काकू कांदा-लसूणही खात नाहीत. यजमानबाई म्हणतात, छंगदोला माझ्या सासूबाईंकडे पर्सिमॉन सोलायला चला. एवढ्या लांब जाऊन फळं सोलायची? दुसरं काही सुचवा.

सोलकर: हाहवे! डोळे मिटून हाहवे. आंदोंगजवळ आहे, नाकदोंग नदी गावाला वळसा घालून जाते. मधे कौलारू वाडे, कडेला गवताने शाकारलेली घरं, आणि माणसं अजून राहतात तिथे. २०१० साली यांगदोंगबरोबर युनेस्कोच्या यादीत आलं. आम्ही सेऊलहून गाडी भाड्याने घेऊन गेलो होतो, मुक्काम वाड्यातच. खर्च विचारू नका.

लेझीमवाली: खर्चच विचारतेय हो :)

नाट्यवेडा: हाहवेला +१. दुपारचा मुखवटानाच चुकवू नका. फुकट असतो, सोमवारी नसतो. लाकडी मुखवट्याचा खालचा जबडा वेगळा करून दोरीने बांधलेला असतो. नटाने मान वर केली की सरदार खदाखदा हसतो, मान खाली घातली की तोच चिडलेला. 'इमे' नावाच्या येडबंबू नोकराच्या मुखवट्याला हनुवटीच नाही. कोरणारा पोरगा काम अर्धं टाकून मेला अशी दंतकथा सांगतात. आपल्या दशावतारवाल्यांनी बघायला हवं.

सोलकर: इंग्लंडची राणी १९९९ मध्ये वाढदिवसाला हाहवेलाच गेली होती. सांगायचं राहिलं.

पायपीट: राणीला बसची वाट बघावी लागली नसेल. देगूहून आंदोंग बसने दीड तास, तिथून गावाची बस, आणि ती मोजकीच. मी पलीकडच्या ब्योंगसान या जुन्या कन्फ्यूशियन पाठशाळेत रमलो (जागा सुंदरच, समोर नदी आणि डोंगर), परतीची बस गेली. डोंगरवाटेने हाहवेपर्यंत चार किलोमीटर चाललो, नवे बूट, दोन्ही टाचांना फोड. गुडघेवाल्यांना नेऊ नका. आणि गुगल मॅपच्या भरवशावर राहू नका, तिकडे नेव्हर किंवा काकाओ मॅप चालतं.

वरणभात: शाकाहारींनी किमचीपासून (तिखट, आंबवलेली भाजी) सावध. बहुतेक वेळा मासळीचा रस किंवा खारवलेली कोळंबी असते. मी आठवडाभर 'भाजीच आहे' म्हणून हाणली. बिबिंबाप (भाज्या, मांस घालून कालवायचा भात) मागवताना 'गोगी प्पेगो', म्हणजे मांस वगळून, असं सांगा.

निवृत्त: हेइन्सा मंदिराला जा. १३ व्या शतकातले ८१,२५८ कोरीव लाकडी ठोकळे, संपूर्ण बौद्ध त्रिपिटक! कोठाराच्या खिडक्या वरखाली लहानमोठ्या, जमिनीत कोळसा, चुना, मीठ. एसीशिवाय सगळं शाबूत. आमच्या सोसायटीत एसी लावूनही भिंतीला ओल आहे, तो विषय वेगळा.

पायपीट: ते मंदिर आहे, खेडं नाही. बसथांब्यापासून चढही आहे. आणि ठोकळ्यांच्या कोठारात सहज सोडत नाहीत, गजांतून डोकवायचं.

निवृत्त: पण काकूंना मंदिराचं जेवण चालेल. भिक्षू कांदा-लसूण वर्ज्यच मानतात.

वरणभात: भिक्षू मानतात, मंदिराबाहेरचे हॉटेलवाले नाही. बिबिंबाप मागवताना मांस वगळायला सांगा.

नाट्यवेडा: हे तुम्ही वर सांगितलंय.

मांडवीकर: छंगदोला बैलांच्या झुंजींचं स्टेडियम आहे ना? आमच्या गोव्यातल्या धिरयोसारखं, बैल विरुद्ध बैल. आमच्याकडे बंदी, त्यांच्याकडे सरकारमान्य पैजा. कमाल आहे.

निवृत्त: बंदी योग्यच आहे.

मांडवीकर: कधी बघितलीय का धिरयो?

पायपीट: झुंजी शनिवार-रविवारी असतात. त्यांचा मोकळा दिवस बुधवार. वेगळा धागा काढा.

लेझीमवाली: सगळ्यांचे आभार. हाहवेचा बेत पक्का होत आला होता, पण बसचं गणित बघून काकूंनीच नकार दिला. छंगदोला रेल्वेने अर्धा तास, तिकीट जेमतेम तीन हजार वॉन. तिकडेच जातोय.

सोलकर: चूक करताय.

लेझीमवाली: परत आले! छंगदोचं पर्सिमॉन चपटं आणि बिनबियांचं, त्यामुळे फोडी करून वाळवायला सोपं. अंगणभर केशरी चाळण्या पसरलेल्या. सासूबाईंनी माझ्या सालीची जाडी बघितली, सुरी काढून घेतली आणि मला चाळण्या उचलायला लावलं. काकूंनी मात्र एका दमात अख्खी साल उतरवली. आजी त्यांना सोडेचनात. काकूंनी डब्यातल्या दशम्या दिल्या, आजींनी दोन खाल्ल्या आणि तिसरी नातवासाठी ठेवली. शाकाहारींनी भात, मुळ्याची भाजी आणि मऊ पिकलेली फळं चमच्याने खाल्ली. माणशी खर्च अकरा हजार.

सोलकर: म्हणजे हाहवे राहिलंच ना?